ड्रोनला छप्पर दिसतं, वाटणी दिसत नाही: गावाच्या थ्री-डी मॉडेलचे 'तुकडे' नेमके कसे पाडतात?

बार्शीहून लातूरकडे जाताना येडशीच्या पुढे ढोकी लागतं. धाराशिव तालुक्यातलं हे मोठं, बाजारपेठेचं गाव. तेरणा साखर कारखान्यामुळे जिल्ह्याबाहेरही ओळखलं जाणारं. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही जुन्या गावात शिरलं की रस्त्यालगतची सिमेंटची दुकानं मागे पडतात आणि आतल्या गल्ल्यांमध्ये दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं दिसू लागतात.

उदाहरणापुरती अशीच एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. तीन घरं एकाला एक लागून. मधल्या भिंती सामाईक. वर सपाट माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पहिल्या घराच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया उचलायला तिसऱ्या घरातली मावशी खाली न उतरता येऊ शकते, इतकं ते एकसंध आहे.

आता या गल्लीवरून ड्रोन उडाला. त्याला वरून काय दिसेल? एक लांबट, मातकट रंगाचा चौकोन. तीन घरं, तीन चुली, तीन कुटुंबं, पण छप्पर मात्र एक.

मग पहिलं घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे संगणकाला कसं कळणार? हा प्रश्न ऐकायला गल्लीतला वाटतो. पण कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या एका जुन्या आणि अजूनही पूर्ण न सुटलेल्या कोड्याशी तो थेट जोडलेला आहे. आणि त्याच्या उत्तरावर लाखो लोकांच्या घराचा कागद अवलंबून आहे.

काळीला सातबारा, पांढरीला काय?

आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' आणि गावाच्या वस्तीला 'पांढरी' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. काळीचा हिशोब ब्रिटिश काळापासून नीट आहे. गट नंबर, नकाशा, सातबारा उतारा, सगळं आहे. पण पांढरीचं, म्हणजे गावठाणाचं तसं नव्हतं. बहुसंख्य गावांत घराचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८. तो मुळात कर आकारणीचा कागद. घरपट्टी कोण भरतं ते त्यातून कळतं, पण घराची हद्द नकाशावर कुठे आहे ते कळत नाही.

याचा परिणाम रोजच्या आयुष्यावर होतो. हद्दीचा नकाशा आणि मालकीची नोंद नसेल तर घर तारण ठेवून बँकेचं कर्ज मिळवणं अवघड जातं. भावाभावांच्या वाटणीत तोंडी हद्दीवर भांडणं होतात. शेजाऱ्याने भिंत अर्धा हात पुढे घेतली तर दाखवायला कागद नसतो.

ही पोकळी भरण्यासाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करायची आणि प्रत्येक मिळकतीला कार्ड द्यायचं. केंद्रीय पंचायत राज मंत्रालय, भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्यांची महसूल खाती मिळून हे काम करतात. महाराष्ट्रात हा विचार त्याआधीच सुरू झाला होता. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता.

११ ऑक्टोबर २०२० रोजी पहिल्यांदा कार्डांचं वाटप झालं तेव्हा ६ राज्यांतली ७६३ गावं त्यात होती. त्यातली १०० महाराष्ट्रातली. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी ६५ लाखांहून अधिक कार्डं वाटली गेली. तोपर्यंत देशभरातल्या ३ लाख १७ हजारांहून अधिक गावांवर ड्रोन उडून झाला होता. या कार्डाला उत्तर प्रदेशात 'घरौनी' म्हणतात, मध्य प्रदेशात 'अधिकार अभिलेख' आणि महाराष्ट्रात 'सनद'.

म्हणजे ड्रोन उडवणं हा आता प्रश्न राहिलेला नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

फोटोंमधून थ्री-डी गाव कसं तयार होतं?

ड्रोन गावावरून नांगराच्या तासांसारखा ये-जा करत उडतो आणि शेकडो फोटो काढतो. प्रत्येक फोटोचा बराचसा भाग शेजारच्या फोटोतही येईल अशी काळजी घेतलेली असते. त्यामुळे देवळाच्या कळसाचं टोक एकाच वेळी अनेक फोटोंमध्ये, थोड्या थोड्या वेगळ्या कोनातून दिसतं.

इथे संगणक आपल्या दोन डोळ्यांसारखं काम करतो. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला गेलात तर अंतर चुकतं, कारण दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या किंचित फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. संगणकही अनेक फोटोंमधला तोच बिंदू शोधतो आणि त्याची जागा व उंची काढतो. असे लाखो बिंदू मिळाले की हवेत तरंगणारा ठिपक्यांचा ढग तयार होतो. त्याला 'पॉइंट क्लाउड' म्हणतात.

हे ठिपके एकमेकांना जोडून छोटे छोटे त्रिकोण केले की तयार होते 'मेश', म्हणजे त्रिकोणांची जाळी. व्हिडिओ गेममधला हीरो, ॲनिमेशन सिनेमातला हत्ती, दातांच्या डॉक्टरकडे स्क्रीनवर दिसणारा तुमचा जबडा, हे सगळे आतून अशाच जाळीचे बनलेले असतात.

स्वामित्वमध्ये नकाशा काढण्यासाठी मुख्यतः या सगळ्यातून तयार झालेला एक सपाट फोटो वापरतात. कॅमेऱ्याच्या कोनामुळे आणि उंच-सखल जागेमुळे आलेलं वेडंवाकडेपण त्यातून काढून टाकलेलं असतं. सगळं गाव अगदी सरळ वरून पाहिल्यासारखं दिसतं. याला 'ऑर्थोफोटो' म्हणतात. पण हा सपाट फोटो तयार व्हायलाही उंचीची माहिती लागतेच. फोटो असो की जाळी, दोन्हींपुढचा पेच एकच आहे.

कारण त्या जाळीतल्या कुठल्याच त्रिकोणावर 'मी भिंत', 'मी माळवद', 'मी रस्ता' असं लिहिलेलं नसतं. संगणकाच्या दृष्टीने अख्खं गाव म्हणजे वर-खाली होणारी एक सलग चादर. या चादरीचे अर्थपूर्ण तुकडे पाडणं, म्हणजे कुठले त्रिकोण मिळून एक घर होतं आणि कुठले मिळून एक झाड होतं ते ठरवणं, याला म्हणतात 'मेश सेगमेंटेशन'.

माणूस तुकडे कुठे पाडतो?

लहान मुलाला मातीच्या बैलाचं एखादं चित्र द्या आणि सांगा, याचे भाग दाखव. ते शिंगं, डोकं, वशिंड, पाय, शेपूट असे भाग दाखवेल. बैलाच्या पोटाच्या मधोमध रेघ मारून 'हा पुढचा अर्धा, हा मागचा अर्धा' असं सहसा म्हणणार नाही. का?

१९८४ साली डोनाल्ड हॉफमन आणि व्हिटमन रिचर्ड्स या अभ्यासकांनी याचं एक साधं उत्तर मांडलं. माणसाची नजर वस्तूचे भाग खोबणीवर तोडते. जिथे पृष्ठभाग आत वळतो तिथे एक भाग संपून दुसरा सुरू होतो. शिंग डोक्याला जिथे चिकटतं तिथे खोबण असते. पाय पोटाला जिथे मिळतो तिथेही असते. हात आणि धड यांच्यामध्ये काख असते. पोटाच्या मध्यावर अशी खोबण नसते, म्हणून तिथे कुणी तोडत नाही.

कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांनी हा नियम उचलला. २००३ साली सागी काट्झ आणि आयेलेत ताल यांनी मांडलेली पद्धत अशीच होती. आधी साधारण भाग ओळखायचे, मग त्यांच्यामधली रेघ नेमकी खोबणीतून न्यायची. २००८ साली आणखी एक युक्ती आली, ती म्हणजे जाडी मोजण्याची. वस्तूच्या पृष्ठभागावरून आतल्या बाजूला किरण सोडायचे आणि समोरची बाजू किती लांब आहे ते पाहायचं. बोट बारीक, मनगट त्याहून जाड, धड आणखी जाड. जाडी बदलली की भाग बदलला.

पण बरोबर तुकडे कुठले हे ठरवणार कोण? २००९ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सरळ लोकांनाच विचारलं. माणूस, खुर्ची, कप, चष्मा, विमान अशा १९ प्रकारांतली ३८० मॉडेलं घेतली आणि लोकांकडून त्यांचे भाग पाडून घेतले. सुमारे ४,३०० विभागण्या जमा झाल्या. त्या ताडून पाहिल्यावर लक्षात आलं की वेगवेगळ्या माणसांनी मारलेल्या रेघा एकमेकांशी बऱ्याच जुळतात. खुर्चीची पाठ कुठे संपते यावर फारसे मतभेद होत नाहीत.

खुर्चीच्या बाबतीत हे ठीक आहे. गावाच्या बाबतीत मात्र इथूनच अडचण सुरू होते.

माळवद हा नियम मोडतं

त्या गल्लीकडे परत या. तीन घरांवर एक माळवद. दोन घरांच्या मध्ये छपरावर खोबण नाही, उंचीत फरक नाही, मातीचा रंगही तोच. खोबणीचा नियम लावला तर संगणक म्हणेल, हे एकच घर आहे. तीन कुटुंबं एका चौकोनात कोंबली जातील.

याच्या उलटही होतं. शेजारच्या वाड्यात एकच कुटुंब राहतं, पण तिथे मधोमध चौक आहे, तुळशीवृंदावन आहे, माळवदावर जाणारा जिना आहे, कडेला पत्र्याचा गोठा आहे, नंतर बांधलेली एक स्लॅबची खोली आहे. इथे जागोजागी खोबणी आहेत. संगणक या एका मिळकतीचे पाच-सहा तुकडे पाडेल.

एकीकडे अनेकांचं एक होतं, दुसरीकडे एकाचे अनेक होतात. या क्षेत्रात काम करणारे या दोन चुकांशी सतत झगडत असतात. एक चूक कमी करायला जावं तर दुसरी वाढते.

जाडी मोजण्याची युक्तीही इथे चालत नाही. कारण ड्रोनने केलेलं गावाचं मॉडेल हे भरीव बैलासारखं नसतं. ते वरून टाकलेल्या चादरीसारखं असतं. ड्रोनला घराच्या आत काय आहे ते दिसत नाही. मधली भिंत दीड हात जाडीची आहे की आता फक्त विटांचा पडदा उरला आहे, हे चादरीवरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट. वरून छप्पर दिसतं, भिंत नाही. दाराबाहेर पत्र्याची पडवी दोन हात पुढे आली असेल तर वरून घर तितकं मोठं दिसतं. पण भिंत आत आहे आणि पडवीखालची जागा कदाचित रस्त्याची आहे. वरून पाहणाऱ्याने पत्र्याच्या कडेलाच हद्द धरली, तर नकाशा तिथेच चुकतो.

मग एआयला शिकवलं तर?

गेल्या दहा वर्षांत या कामात मोठा बदल झाला. नियम सांगण्याऐवजी उदाहरणं दाखवून संगणकाला शिकवता येऊ लागलं. २०१७ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 'पॉइंटनेट' आणलं. ते ठिपक्यांच्या ढगावरून थेट भाग ओळखायला शिकतं. २०१९ साली 'मेशसीएनएन' आलं. ते त्रिकोणांच्या कडांवरून शिकतं. आता मॉडेलला फक्त तुकडे पाडायचे नव्हते, प्रत्येक तुकड्याला नावही द्यायचं होतं.

पण उदाहरणांवरून शिकणाऱ्याची एक मर्यादा असते. त्याने जे पाहिलं तेच त्याला ओळखता येतं.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहराची थ्री-डी जाळी घेतली. सुमारे ४ चौरस किलोमीटर भागातले त्रिकोण त्यांनी सहा नावांत विभागले: जमीन, उंच झाडं, इमारती, पाणी, वाहनं आणि होड्या. जगभरातले संशोधक आपली पद्धत तपासायला हा संच वापरतात. समुद्रकाठच्या हेलसिंकीला होडीसाठी वेगळं नाव लागतं, ते बरोबरच आहे. पण त्यात गोठा नाही, कडब्याची गंजी नाही, माळवद नाही. तिथे शिकलेल्या मॉडेलला मराठवाड्यातल्या गावठाणावर सोडलं तर कडब्याची गंजी त्याला काय वाटेल, हे सांगणं कठीण आहे.

म्हणून आपली उदाहरणं आपणच तयार करायला हवीत, आणि त्या दिशेने प्रयत्न सुरूही आहेत. पंचायत राज मंत्रालयाने आयआयटी तिरुपतीच्या नवाविष्कार आय-हबसोबत एक हॅकेथॉन घेतली. स्वामित्वच्या ड्रोन फोटोंमधून घरं, रस्ते, पाणवठे आपोआप ओळखणारं एआय मॉडेल बनवा, असं आव्हान दिलं. छपरांचे प्रकारही ओळखायचे होते. आरसीसी, कौलारू, पत्रा आणि इतर.

या यादीत माळवदाची जागा 'इतर'मध्ये आहे. देशभरासाठी चारच खाने करायचे म्हटल्यावर हे होणारच. पण धाराशिव, लातूर, बीडच्या जुन्या गावठाणांतलं नेहमीचं छप्पर 'इतर'मध्ये गेलं, तर 'इतर' ओळखण्यात मॉडेल किती पक्कं आहे, हाच या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. सरासरी अचूकता कितीही चांगली असली तरी ती तुमच्या गल्लीची अचूकता असेलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं तंत्रज्ञान: चुना

आता मुख्य मुद्दा. समजा मॉडेल अगदी अचूक झालं. त्याने माळवद ओळखलं, गोठा ओळखला, पडवी बाजूला काढली. तरीही ते सांगू शकेल का की तीन घरांमधली हद्द कुठे आहे?

नाही. कारण ती हद्द आकारात नाहीच. ती कुणाच्या तरी आजोबांनी केलेल्या वाटणीत आहे. 'पूर्वेकडचे दोन खण थोरल्याचे, पश्चिमेचे धाकट्याचे' या शब्दांत आहे. माळवदाची पन्हाळ कुणाच्या अंगणात पडायची या जुन्या समजुतीत आहे. खुर्चीचे भाग तिच्या आकारावरून कळतात. मिळकतीचे भाग माणसांच्या आपसातल्या नात्यावरून आणि करारावरून ठरतात. संगणक विभागणी करू शकतो, वाटणी नाही.

योजना आखणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणूनच ड्रोन उडण्याआधी गावात एक अगदी साधं काम केलं जातं. ग्रामसभेत माहिती दिली जाते आणि मग प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याने पांढरी रेघ आखली जाते. मालक, शेजारी, ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेखचे कर्मचारी यांच्यासमोर. वरून उडणारा ड्रोन ही रेघ टिपतो. मग फोटोवरून नकाशा काढणाऱ्याला घरामधली हद्द ओळखता येते.

म्हणजे एवढे उपग्रह, एवढे कॅमेरे आणि एवढे संगणक शेवटी ज्या खुणेवर अवलंबून आहेत, ती कबड्डीच्या मैदानावर मारतात तीच चुन्याची रेघ आहे. तिने संगणकाला न दिसणारी गोष्ट दिसती केली.

रेघेनंतरही काम संपत नाही. नकाशाचा कच्चा मसुदा पुन्हा गावात येतो. तो जागेवर पडताळला जातो. भूमी अभिलेख खात्याचा चौकशी अधिकारी मालकीची चौकशी करतो, हरकती ऐकतो आणि त्यानंतर मिळकत पत्रिका व सनद तयार होते. ड्रोनचं उड्डाण काही मिनिटांचं असतं. खरा वेळ या पुढच्या टप्प्यांना लागतो, आणि लागायलाच हवा.

याच जिल्ह्यातला उलटा दाखला

सगळीच गावं संगणकाला इतकी अवघड जातात असं नाही. याचा पुरावा याच भागात आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीच्या थरांनी जड झालेली माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. आखलेले रस्ते, मोजलेले चौकोनी प्लॉट, प्रत्येक घर सुटं.

अशा गावावर ड्रोन उडवला तर प्रत्येक घराभोवती मोकळी जागा दिसते. म्हणजे खोबण स्पष्ट आहे. तिथे आकार आणि मालकी बऱ्यापैकी एकाच रेघेवर येतात, कारण तिथे कागद आधी आला आणि घर नंतर. जुन्या गावठाणात घर आधी आलं, पिढ्यान् पिढ्या वाढलं, तुटलं, वाटलं गेलं, आणि कागद आत्ता येतो आहे. ढोकीसारख्या गावांचं जुनं गावठाण हे या दुसऱ्या प्रकारातलं. तंत्रज्ञान तेच असलं तरी इथे माणसाचं काम कितीतरी जास्त आहे.

चुकलं तर कुणाचं चुकतं?

चुन्याच्या रेघेची एक मोठी अट आहे. रेघ मारताना तुम्ही तिथे असायला हवं.

धाराशिव, बीड, लातूर या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कित्येकांची मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत आणि गावच्या घराला कुलूप आहे. विधवा बहीण मागच्या खोलीत राहते, पण तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. चुन्याच्या दिवशी यातलं कुणी हजर नसेल तर त्यांची रेघ शेजारी मारेल, किंवा कुणीच मारणार नाही. आणि जिथे रेघ नाही तिथे ड्रोनला फक्त एक सलग माळवद दिसेल.

पूर्वी अशी चूक तोंडी असायची, त्यामुळे ती तोंडी दुरुस्तही व्हायची. आता ती नकाशावर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने नोंदली जाते. चुकीची रेघ अचूक मोजली म्हणून बरोबर ठरत नाही, पण दिसते मात्र बरोबर असल्यासारखी. संगणकातून आलेल्या नकाशावर माणूस पटकन शंका घेत नाही. धोका आहे तो इथे.

शिवाय हा नकाशा एका कामापुरता राहणारा नाही. छपराचं क्षेत्रफळ कळलं की घरपट्टी ठरवता येते. किती सौरऊर्जा पॅनल बसतील याचा अंदाज काढता येतो. जमिनीचा उतार कळला की गटार कुठून न्यायचं ते आखता येतं. ही सगळी कामं त्याच तुकड्यांवर उभी राहतील. तीन घरांचा एक तुकडा झाला असेल, तर ती चूक या प्रत्येक कामात सोबत जाईल.

तुमच्या गावात मोजणी असेल तर काय करायचं?

• मोजणीची नोटीस ग्रामपंचायतीत लागते, ग्रामसभेत माहिती दिली जाते. चुना आखण्याची तारीख विचारून ठेवा. बाहेरगावी असाल तर घरचं विश्वासू माणूस हजर ठेवा.

• सामाईक भिंत, बोळ, पडवी, जिना, न्हाणीचं पाणी या गोष्टींवर शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्या. रेघ मारायच्या वेळी सुरू झालेलं भांडण त्या दिवशी मिटत नाही.

• माळवद सलग असेल तर खाली भिंत कुठे आहे त्या रेषेत वरही चुना मारला आहे ना, हे पाहा. ड्रोन खालून पाहत नाही.

• घरपट्टीची पावती, नमुना ८ चा उतारा, खरेदीखत किंवा वाटणीपत्र चौकशीसाठी काढून ठेवा.

• कच्चा नकाशा आला की तो पाहायला जाच. आपलं घर दुसऱ्याच्या तुकड्यात गेलं आहे का, किंवा आपलीच एक खोली सुटून वेगळी पडली आहे का, एवढं बघा. चूक दिसली तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तालुक्याला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांचं कार्यालय असतं. पुढची दाद तिथे मागता येते.

• घरात राहणाऱ्या बायकांचा, बहिणींचा हक्क असेल तर चौकशीच्या वेळीच तो सांगा. सनद हातात पडल्यावर नाव लावून घेणं जास्त कटकटीचं होतं.

थोडक्यात

थ्री-डी मॉडेलचे तुकडे पाडण्याचं तंत्र गेल्या चाळीस वर्षांत खूप पुढे आलं आहे. खोबण शोधण्यापासून ते उदाहरणांवरून शिकण्यापर्यंत. ते आणखी सुधारेल. उद्या ते माळवदही ओळखेल, गोठाही ओळखेल. सर्वेक्षकाचे कितीतरी तास त्यामुळे वाचतील आणि ते वाचायलाच हवेत.

पण 'भाग' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वस्तूचा भाग, जो दिसतो. दुसरा म्हणजे वाट्याला आलेला भाग, जो दिसत नाही, सांगावा लागतो. पहिला शोधण्याचं काम यंत्रावर सोपवता येईल. दुसऱ्यासाठी त्या गल्लीतल्या तिन्ही घरांतली माणसं दारात उभी राहायला हवीत, आणि त्यांच्यासमोर चुन्याची रेघ पडायला हवी.